पुण्यात नवीन आलाय? रूम मिळेल हो, रूममेट नीट बघून घ्या

जून-जुलै लागला की आमच्यासारख्या जुन्या पुणेकर झालेल्या लोकांच्या फोनवर एकाच छापाचे मेसेज यायला लागतात. ताई, हिंजवडीला जॉब लागलाय, रूम बघून दे. ताई, बहिणीचं कर्वेनगरला ॲडमिशन झालंय, कुणी चांगली मुलगी असेल तर सांग ना. आता चांगल्या मुली पुण्यात हव्या तेवढ्या आहेत, पण रात्री दोनला झोपणारी चांगली मुलगी आणि पहाटे पाचला अलार्म लावणारी चांगली मुलगी दहा बाय दहाच्या खोलीत एकत्र ठेवली की महिन्याभरात दोघीही एकमेकींसाठी वाईट होतात. भांडण असं कधी होत नाही, नुसते चेहरे पडतात, मग भांडी जोरात आपटली जातात आणि मग एक दिवस ग्रुपवर मेसेज येतो, आय ॲम लीव्हिंग बाय थर्टिएथ.

मी लातूरची, शिकायला आले आणि मग नोकरीने इथंच राहिले, त्यात कोथरूड झालं, वडगाव शेरी झालं, खराडी झालं, मुलींसोबत राहिले, बहिणींसोबत राहिले, एकदा पूर्ण अनोळखी तिघींसोबत पण राहिले. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय की माणसाचा स्वभाव विचारून काही कळत नाही, वेळ, पैसा आणि साफसफाई या तीन गोष्टी जुळल्या की बाकीचं निभतं. खाली जे लिहितेय ते पुणे धरून लिहितेय, बाकी शहरात थोडंफार इकडं तिकडं होईल.

पायरी १: आधी एरिया, मग माणूस

बरेच जण उलटं करतात. गावाकडची मैत्रीण धनकवडीत राहते म्हणून तिच्याकडं राहायला जातात आणि ऑफिस असतं हिंजवडी फेज थ्रीला. आठ दिवस उत्साह असतो, मग रोजचा प्रवास अंगावर येतो आणि राग निघतो रूममेटवर, तिचा काही संबंध नसताना. म्हणून आधी ऑफिस किंवा कॉलेज नकाशात टाका आणि सकाळी साडेआठ-नऊच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ लागतो ते बघा, रविवारी दुपारी बघू नका. मेट्रोचा वनाझ-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट मार्ग झाल्यापासून त्या पट्ट्यातल्या लोकांची बरीच सोय झालीय, पण स्टेशनपासून घर किती लांब ते पण बघा, शेवटचे दोन किलोमीटर रोज रिक्षाने जाणं परवडत नाही.

एरियावरून कोण राहतं त्याचाही अंदाज येतो. वाकड, हिंजवडी, बाणेर, खराडी, विमाननगर म्हणजे आयटीवाले, शिफ्टवाले. सदाशिव पेठ, नवी पेठ, नारायण पेठ म्हणजे एमपीएससी-यूपीएससी, अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिस. कात्रज-धनकवडी आणि कर्वेनगर भागात कॉलेजची पोरं-पोरी जास्त.

कॉट बेसिसवाल्यांसाठी इथंच सांगते कारण त्यांचं गणित वेगळं आहे. तिथं रूममेट तुम्ही निवडत नाही, घरमालक निवडतो, तुम्हाला फक्त कॉट मिळते. पण कॉटचे पैसे द्यायच्या आधी बाकीच्या कॉटवर कोण आहे हे विचारायचा पूर्ण हक्क आहे तुम्हाला. पोलीस भरतीवाला पोरगा पहाटे चारला ग्राउंडला जायला उठतो, लाईट लावतो, बूट शोधतो. राज्यसेवावाला रात्री अकराला अभ्यासिकेतून येतो आणि मग जेवतो. दोघंही बरोबरच आहेत, पण एका खोलीत नकोत. अजून एक जरा नाजूक गोष्ट, एकाच परीक्षेची तयारी करणारे चौघं एकत्र असले की नोट्स मिळतात, चर्चा होते, सगळं छान असतं, निकाल लागेपर्यंत. प्रिलिम निघालेला आणि न निघालेला एका खोलीत मेन्सपर्यंतचे महिने काढतात तेव्हा काय वातावरण असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा. जमणार असेल तर परीक्षा वेगळी पण टाइमटेबल सारखं, असा जोडीदार बघा.

पायरी २: स्वतःचा एक आठवडा लिहून काढा

दुसऱ्याला प्रश्न विचारायच्या आधी आपण कसे आहोत ते कागदावर उतरवा, आणि खरं लिहा, मी पहाटे उठते वगैरे परीक्षेच्या वेळचं नको. गेल्या आठवड्यात किती वाजता झोपलात, अंघोळ कधी करता आणि किती वेळ लागतो, जेवून झाल्यावर ताट लगेच धुता की सकाळी, फोनवर घरी किती वेळ आणि किती मोठ्याने बोलता, लाईट असताना झोप येते का, पंखा कितीवर लागतो. हसू नका, मे महिन्यात पंखा पाचवर हवा असणारी आणि डोक्याला वारा लागला की सर्दी होणारी यांची भांडणं मी स्वतः सोडवलीयत.

मग त्यातल्या तीनच गोष्टी अशा निवडा ज्यात तडजोड अजिबात होणार नाही. तीनच बरं का. मोठी यादी घेऊन फिरलात तर पुण्यातच काय, कुठंच कुणी मिळणार नाही. माझ्या तीन सांगते: घरात सिगरेट नको, माझ्या झोपायच्या खोलीत रात्री अकरानंतर फोनवर बोलणं नको, आणि पाणी वाया घालवणारं माणूस नको. शेवटची लोकांना गंमत वाटते, पण २०१६ ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा आम्ही घागरी घेऊन उभे होतो, त्यामुळं नळ चालू ठेवून दात घासणारं माणूस दिसलं की माझं डोकं फिरतं, त्याला इलाज नाही. आणि पुण्यात पण सगळं आलबेल नाहीये, बऱ्याचदा गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं, बाणेर-वाघोली साईडला टँकरवर सोसायट्या चालतात. बुधवारी रात्री बादल्या भरून ठेवायचं कुणाच्या लक्षात राहतं, हा रूममेट ओळखायचा फार चांगला मार्ग आहे, पण तो राहायला गेल्यावरच कळतो.

पायरी ३: शोधायचं कुठं

ओळखीतून, ऑफिसच्या ग्रुपवर, कॉलेजच्या सिनियरकडून, फ्लॅटमेटच्या ॲपवर, फेसबुकच्या ग्रुपवर. ओळखीतून आलेला माणूस सुरक्षित वाटतो आणि असतोही बहुतेक वेळा, फक्त त्यात एक अडचण असते की पुढं काही बिनसलं तर बोलता येत नाही, काकूंच्या भाचीला भाडं कसं मागणार.

जिवलग मैत्रिणीसोबत राहावं का हे सगळेच विचारतात. माझं मत, राहा, पण जिच्याकडं तुम्ही उधार दिलेले पाचशे रुपये न लाजता परत मागू शकता तिच्यासोबतच. ते जमत नसेल तर मैत्री वेगळ्या घरात ठेवा.

ऑनलाईन शोधताना एक फसवणूक अजून चालू आहे ती लक्षात ठेवा. फोटो झकास, भाडं एरियापेक्षा बरंच कमी, आणि समोरचा म्हणतो मी आर्मीत आहे किंवा सीआयएसएफमध्ये आहे, बदली झालीय, फ्लॅट दाखवायला येऊ शकत नाही, टोकन पाठवा चावी कुरिअर करतो. ओळखपत्राचा फोटो पण पाठवतात. कुणी क्यूआर कोड पाठवून म्हणेल स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्याकडं येतील, तर तिथंच फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. फ्लॅट डोळ्याने बघितल्याशिवाय आणि आत राहणाऱ्या माणसाला भेटल्याशिवाय एक रुपया पण पाठवायचा नाही.

पायरी ४: फोनवर पाच मिनिटं

भेटायला जायच्या आधी फोनवर एवढं विचारून घ्या: एकूण माणसं किती, भाडं सोडून महिन्याला अजून काय काय द्यावं लागतं, शिफ्ट कुठली, घरमालक बॅचलर लोकांना कसा आहे, आणि ही जागा रिकामी का झाली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लक्ष देऊन ऐका. लग्न झालं, बदली झाली, कंपनीने बंगळुरूला पाठवलं, ठीक. "तिचं आमच्याशी जमलं नाही" असं असेल तर गेलेल्या मुलीचा नंबर मागा. देतील तर उत्तम, तिच्याशी पण बोला, एका बाजूचंच ऐकून काय कळणार. आणि वर्षभरात दोन-तीन जणी सोडून गेल्यात असं निघालं तर मग राहिलेल्या एकीबद्दल विचार करा.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलते. आपल्याकडं फोनवर पहिला प्रश्न येतो, आडनाव काय. घरमालक विचारतात, ब्रोकर विचारतात, आणि पंचविशीतली पोरं-पोरी पण विचारतात. कारण विचारलं की म्हणतात नॉनव्हेजचं बघायचं होतं हो. मग नॉनव्हेजचंच विचारा ना सरळ, घरात अंडं चालतं का, चिकन शिजवलेलं चालतं का, बाहेरून आणून खाल्लेलं चालतं का. आडनावावरून ताटात काय आहे ते कळत नाही आणि ज्याला आडनावच कळून घ्यायचंय त्याच्यासोबत मी तरी राहणार नाही.

पायरी ५: भेट, आणि "काल"

भेटायला संध्याकाळी सात-साडेसातला जा, तेव्हा सगळे घरी असतात, पाण्याचं प्रेशर कळतं, पार्किंग कळतं, शेजारचा टीव्ही कळतो. सांगून जा, पण फार आधी सांगू नका. आत गेल्यावर सिंक बघा, बाथरूमचा कोपरा बघा, कचऱ्याचा डबा बघा, फ्रिज उघडायची परवानगी घेऊन उघडा. भांडी पडलेली असली म्हणून लगेच नाकारू नका, आजची भांडी असू शकतात, वाळून कडक झालेला भात असेल तर ती कालच्या आधीची आहेत. आणि तुम्ही येणार म्हणून घासूनपुसून ठेवलेलं घर पण ओळखू येतं, फिनेलचा वास येतो.

आता मुख्य. तू स्वच्छ राहतेस का, असं विचारलं तर जगात कुणीही नाही म्हणणार नाही. तू ॲडजस्टिंग आहेस का, हो. पार्ट्या वगैरे, छे छे कधीतरी. या उत्तरांचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा काल विचारा. गप्पा मारता मारता. काल रात्री जेवण काय केलं, कुणी केलं, भांडी कुणी घासली? काल किती वाजता झोपलात? मागच्या शनिवारी काय केलं? घरी कोण आलं होतं का इतक्यात? शेवटचं लाईट बिल किती आलं आणि कसं वाटून घेतलं? कामवाल्या मावशी नाही आल्या तर त्या दिवशी काय करता, मागच्या वेळी काय केलं होतं?

माणूस स्वभावाबद्दल बोलताना आपल्याला आवडेल तसा असतो, काल काय झालं ते सांगताना जसा आहे तसा बाहेर येतो. "काल? काल तर मी तीनला झोपले, मॅच होती ना" असं सहज निघून जातं, आणि मग तुम्हाला ठरवता येतं. मावशींच्या प्रश्नावर तर मी फार विसंबून असते. एक जण म्हणते आम्ही वाटून घेतो, दुसरी म्हणते स्विगी करतो, तिसरी म्हणते मावशी येईपर्यंत तशीच ठेवतो. तिन्ही उत्तरं खरी आहेत, तुमचं कुठलं तेवढं बघा. अजून एक, बोलताना घरातल्या दोघी एकमेकींकडं बघून हसल्या किंवा गप्प झाल्या तर तो विषय पकडा आणि परत वेगळ्या पद्धतीने विचारा.

तुम्हालाही ते विचारतील, विचारलं नाही तर स्वतःहून सांगा. घोरत असाल तर आत्ताच सांगा. नाईट शिफ्ट लागण्याची शक्यता असेल, महिन्यातून एकदा आई येऊन चार दिवस राहणार असेल, पहाटे मोठ्याने स्तोत्र लावायची सवय असेल, ढोल पथकात असाल आणि गणपतीच्या आधी महिना-दीड महिना रोज रात्री उशिरा प्रॅक्टिसवरून येणार असाल, सगळं सांगून टाका. तेवढ्यावरून नाही म्हणाले तर बरंच झालं, डिपॉझिट अडकायच्या आधी कळलं.

घरी कोण किती वेळा जातं हे पण विचारा, याचं महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. सातारा-कोल्हापूरवाले शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेट गाठतात ते सोमवारी सकाळी उगवतात, नागपूर-चंद्रपूरवाली दिवाळीलाच जाते. मग मावशींचे पैसे सारखे का, सिलेंडर सारखा का, हा वाद ठरलेला. आणि उलटपण असतं, काही जणांना शनिवार-रविवार घर एकट्याला मिळतं म्हणून असाच रूममेट हवा असतो, हुशारीच आहे ती.

पायरी ६: पैशाचं आधीच, उभ्या उभ्या

इथं लाजायचं नाही. टू बीएचके आहे, भाडं समजा २७ हजार, तिघी राहणार. सरळ नऊ-नऊ हजार करतात सगळे. पण एकीला अटॅच बाथरूमवाली मोठी खोली एकटीला आणि दोघी लहान खोलीत असतील तर ते बरोबर नाही. ११, ८, ८ करा. त्या ११ वालीला पटत नसेल तर तिला विचारा की मग तू आठ हजारात या खोलीत येतेस का, लगेच पटतं.

डिपॉझिट कुणी किती दिलं ते लिहून ठेवा आणि शक्यतो प्रत्येकीने आपला हिस्सा थेट घरमालकाच्या खात्यात टाकायचा, म्हणजे पुरावा राहतो. एकीने सगळं भरलं आणि बाकीच्यांनी तिला कॅश दिली की दोन वर्षांनी कुणाला काही आठवत नाही. सोडताना पेंटिंगचे म्हणून पैसे कापायची पद्धत पुण्यात बरीच आहे, एखाद्या महिन्याचं भाडं पण कापतात, ते अग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय ते बघा आणि कापले तर तिघीत कसे वाटायचे ते पण ठरवा, कारण मध्येच सोडून गेलेलीने भिंत खराब केली की राहिलेलीने हे कोण सांगणार.

लाईट बिलावरून सगळ्यात जास्त वाजतं, विशेषतः एका खोलीत एसी असेल तर. एसीवाली म्हणते माझं सब-मीटर बघा, युनिट मोजा, तेवढे मी देते. पण महावितरणचं बिल स्लॅबने येतं, पहिल्या १०० युनिटचा दर कमी, १०१ ते ३०० चा त्याच्या वर, ३०१ ते ५०० चा अजून वर. एसी नसता तर घर खालच्या स्लॅबमध्येच राहिलं असतं, एसीमुळं जी युनिटं वाढतात ती सगळी वरच्या दराने लागतात, म्हणजे सरासरी दर काढून वाटलं तर बिनएसीवालीच्या खिशातून जातंच. माझा सोपा नियम, उन्हाळ्याच्या आधीचं एसी बंद असतानाचं बिल समोर ठेवायचं, तेवढं सगळ्यांत समान, वर जे येईल ते एसीवालीचं. फार काटेकोर नाही, पण भांडण होत नाही. गीझरचं मात्र मोजत बसू नका, वेड लागेल.

रोजचं दूध, कांदे-बटाटे, फिनेल, गॅस यासाठी एक ॲप किंवा भिंतीवरची वही, काहीही चालेल, पण एकच पद्धत ठेवा आणि महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला हिशोब मिटवा. भाडं कुणाच्या खात्यातून जातं, पगार कधी होतो ते पण विचारा. भाडं पाच तारखेला द्यायचं आणि एकीचा पगार दहाला होतो, मग दर महिन्याला तिचे पैसे दुसरीने भरायचे, हे पहिल्या दोन महिन्यांत कुणी बोलत नाही आणि तिसऱ्या महिन्यात एकदम निघतं.

पायरी ७: स्वयंपाकघर

डबा लावणार, मेसला जाणार की घरी करणार, हे तिघांचं वेगळं असेल तरी चालतं, फक्त माहीत पाहिजे. घरी करणाऱ्यांनी "मिळून करू" असं म्हणून सुरुवात केली की हळूहळू एकच जण करत राहतो, दुसरा "मला येत नाही ना" म्हणतो. येत नसेल त्याने भाजी आणायची, भांडी घासायची, कचरा खाली न्यायचा. शाकाहारी-मांसाहारी एकत्र राहतात, आरामात राहतात, एक कढई आणि एक पातेलं वेगळं ठेवलं, फ्रिजचा एक कप्पा ठरवला की झालं. श्रावणात, नवरात्रात काय करायचं तेवढं आधी बोला. काही सोसायट्यांत आणि काही मालकांना नॉनव्हेज चालतच नाही, तिथं रूममेटला हो म्हणायला लावून उपयोग नाही, आधी मालकाला विचारा. आणि गावाकडून आलेला चिवडा, लाडू, शेंगदाण्याची चटणी हे सगळ्यांचं असतं की आणणारीचं, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका.

पायरी ८: पाहुणे

मुलांच्या रूमवर हा विषय सगळ्यात मोठा असतो. परीक्षेला, भरतीला, इंटरव्ह्यूला गावाकडून मित्र येतात, एक रात्र म्हणून येतात आणि आठवडा काढतात, त्यात दोन जण असतात, टॉवेल तुमचा वापरतात. नाही म्हणता येत नाही कारण आपणही कधी असंच कुणाकडं तरी राहिलेलो असतो. मग मर्यादा ठरवा, किती रात्री, एका वेळी किती जण, झोपायचं कुठं. आमच्याकडं नियम असा होता की तीन रात्रींपेक्षा जास्त राहणार असेल तर ज्याचा पाहुणा त्याने दूध-गॅसमध्ये एक वाटा जास्त द्यायचा. पाहुणे कमी झाले असं नाही, पण पाहुणे स्वतः पोहे करायला लागले.

मुलींच्या फ्लॅटवर बहुतेक घरमालकच ठरवतात, मुलं आणायची नाहीत, रात्री दहाला गेट. मालकाचा नियम आणि तुमच्यातला नियम वेगळा असू शकतो, पण एकीने नियम मोडला तर मालक तिघींना काढतो, हे तिघींनाही माहीत पाहिजे. बॉयफ्रेंड आहे का हे विचारू नका, तो तिचा प्रश्न आहे, घरी येणार का आणि आला तर किती वाजेपर्यंत, एवढंच विचारा.

पायरी ९: कागद

हे पटकन सांगते. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि रजिस्टर करणं बंधनकारक आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ मध्ये तसं आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांचा आहे म्हणून रजिस्टर लागत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे याच भाडेकराराचं, काम आता ऑनलाईन होतं, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, स्टॅम्प ड्युटी एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का, महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी एक हजार, एजंटचे वेगळे. पोलिसांकडं भाडेकरूची माहिती ऑनलाईन जाते, ती भरली का ते मालकाला विचारा.

मुख्य मुद्दा, सगळ्यांची नावं करारात घाला. एकीच्याच नावावर करार आणि बाकीच्या नुसत्या राहतात, असं फार चालतं, पण उद्या काही झालं तर करारात नाव असलेली एकटी अडकते आणि नाव नसलेलीला मालक उद्या जा म्हणाला तर हातात काही नसतं. जुन्या टॅक्स रिजीममध्ये एचआरए, म्हणजे घरभाड्यावरची टॅक्स सूट, घेणार असाल तरी नाव आणि पावती हवी, तुमचं वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल तर मालकाचा पॅन पण. लॉक-इन, म्हणजे मध्येच सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचं आणि नोटीस किती, हे वाचूनच अंगठा द्या.

आणि जे तुमच्यात ठरलं, म्हणजे बिलं, पाहुणे, साफसफाई, ते व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज करून टाका आणि पिन करा. बाँड पेपर वगैरे नको, माणसं बिचकतात. दहा ओळींचा मेसेज आणि खाली तिघींचे अंगठे, बास. त्यातच प्रत्येकीच्या घरच्या एका माणसाचा नंबर, रक्तगट आणि हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड टाका. पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू असतोच, आणि रात्री अकराला ताप एकशे चारवर गेला की दवाखान्यात नेणारी रूममेटच असते, तेव्हा तिला तुमच्या आईचा नंबर माहीत असायला हवा.

पायरी १०: पहिला महिना, आणि नाहीच जमलं तर

पहिल्या महिन्यात जे खटकेल ते त्याच आठवड्यात बोला, त्या वेळी नाही, दुसऱ्या दिवशी, जेवताना, ग्रुपवर अजिबात नाही. ग्रुपवर "सगळ्यांनी प्लीज बाथरूम स्वच्छ ठेवा" असं टाकलं की सगळ्यांना कळतं कुणाबद्दल आहे आणि फक्त तिलाच कळत नाही, किंवा कळूनही ती अंगठा देते. सरळ तिला सांगा, केस जाळीत अडकतात ते काढत जा. एवढंच. मागचं पुढचं काढू नका.

दोनदा सांगून झालं, तरी तेच चालू असेल, तर बदलणार नाही असं धरून चाला आणि हिशोब करा की हे आपल्या त्या तीन गोष्टींमधलं आहे का. नसेल तर कानात इअरफोन घाला आणि अकरा महिने काढा, सगळेच काढतात. असेल तर निघा किंवा तिला निघायला सांगा, पण हे महिन्याच्या सुरुवातीला बोला, दोघींनाही नवीन जागा किंवा माणूस शोधायला वेळ मिळतो. पैशाची उचल, चोरी, त्रास देणं, परवानगीशिवाय फोटो-व्हिडिओ, असलं काही असेल तर थांबूच नका, त्याच दिवशी मालकाला आणि घरच्यांना कळवा, गरज पडली तर पोलिसांना पण.

मध्येच सोडताना बदली माणूस जाणाऱ्याने शोधायचा, पण होकार राहणाऱ्यांनी द्यायचा. नवीन मुलगी डिपॉझिट जाणारीला देते आणि मालकाला कुणी सांगतच नाही, असं करू नका, मालकाला सांगून करारात नाव बदलून घ्या, नाहीतर कागदावर तुम्ही राहताय आणि घरात दुसरीच. चावी आणि डिपॉझिट एकाच दिवशी. आणि निघायच्या दिवशी मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाका, बिल नंतर येतं, तोवर तुम्ही ग्रुपमधून बाहेर पडलेल्या असता आणि मग चारशे रुपयांसाठी दोन महिने फोन चालतात.